खालचे ओरखडे

"हे ओंडक्यांचं काम आहे, मिस दुर्गे," गर्गे सर म्हणाले आणि त्यांनी बुटाच्या टोकाने खडकावरचा ओरखडा पुसल्यासारखा केला. "सागाचे ओंडके साखळीला बांधून बैल नदीकडे ओढत नेत. मी स्वतः पाहिलंय, तुमचा जन्म व्हायच्या आधी."

"पण सर, सगळे ओरखडे एकाच दिशेला आहेत."

"ओंडकेही एकाच दिशेला जातात. नदी एकच आहे."

बरोबरची पोरं हसली. सरांचा विनोद कितीही पातळ असला तरी आमच्या वर्गात हसण्याची पद्धत होती. मी हसले नाही, आणि सरांनी ते पाहिलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या करंजघाट नावाच्या खेड्याबाहेर, एका कोरड्या नाल्यात आम्ही उभे होतो. पायाखाली करड्या चुनखडकाची सपाट फरशी होती, अंगणाएवढी. एक्क्याऐंशीचा मार्च होता आणि सकाळीच खडक असा तापला होता की हात टेकवला तर लगेच उचलावा लागे. माझं म्हणणं असं होतं की या फरशीवरून एकेकाळी बर्फाची नदी घासत गेली आहे, आणि हे ओरखडे त्या बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी काढलेले आहेत. चंद्रपूरच्या उन्हात उभं राहून बर्फाची गोष्ट करणाऱ्या मुलीला हसू नये तर काय करावं, हेही मला कळत होतं.

तिथले थर कुणालाही समजतील असे होते. तळाला चुनखडक. त्यावर मातीत कसेही कोंबलेले लहानमोठे गोटे, कुणी पोतं उपडं केल्यासारखे. त्याच्यावर हिरवट खडक, जो हातात घेतला की त्याचे सुयांसारखे तुकडे पडतात. मग वाळूचा दगड, आणि सगळ्यांत वर कोळसा. माझे बाबा त्या कोळशात काम करायचे. मी सातवीत असताना त्यांनी खाणीतून एक चपटा काळा दगड आणला होता. त्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं होतं, मधल्या शिरेसकट. "हे झाड आता कुठंच नाही म्हणते," बाबा म्हणाले होते. मी त्या पानामागे लागून भूशास्त्रापर्यंत आले. पुढे कळलं की पान तसं अलीकडचं. त्याच्या खाली, गोट्यांच्या थरात, त्याहून जुनी गोष्ट होती, तीस कोटी वर्षांपूर्वीची, कार्बनी कालखंड संपत आला तेव्हाची.

ते गोटे बर्फाने आणले हे सरांनाही मान्य होतं. भांडण होतं ते कसे आणले यावर. सरांचं मत असं की इथे मोठं सरोवर होतं, दुरून हिमखंड तरंगत आले, वितळले आणि त्यांतले गोटे तळाशी पडले. त्यावर त्यांचा निबंध होता, त्या निबंधावर त्यांचं नाव होतं आणि त्या नावावर आमचा विभाग चालत होता. बर्फ जमिनीवरून घासत गेला हे सिद्ध झालं, तर सरोवर जात होतं आणि सरोवराबरोबर बरंच काही.

"तुमच्या प्रबंधात हे ओरखडे ओंडक्यांचे म्हणून येतील," सर जीपकडे जाता जाता म्हणाले. "संशोधनाची एकच जागा आहे पुढच्या वर्षी. ती तुम्हाला मिळावी असं मलाही वाटतं. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या मुलीने हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये."

मूग गिळून बसणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. पण त्या दिवशी मी नकाशाची गुंडाळी करून काखेत मारली, कारण पुरावा अजून हातात नव्हता. पुराव्याशिवाय तोंड उघडण्याइतकी मी वेडी नव्हते.

पोरं सरांबरोबर नागपूरला गेली. मी करंजघाटातच राहिले. मुलांना वनखात्याचं विश्रामगृह मिळायचं, मला तिथे परवानगी नव्हती, म्हणून मी फुलाबाई कोडापेंच्या पडवीत मुक्काम करत असे. फुलाबाई विधवा, पन्नाशीच्या आतबाहेर. नाल्याला लागून त्यांचं शेत होतं. जीभ कोयत्यासारखी आणि मन त्याहून बरं.

दुसऱ्या दिवशी मी फरशीवर पाणी ओतून ब्रशने घासत होते, तर त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"का घासून राहिली व पोरी एवढी? लग्न हाय का इथं?"

"मावशी, हे ओरखडे बर्फाचे आहेत."

"कायचे?"

"बर्फाचे. फार जुनी गोष्ट आहे. इथे सगळीकडे बर्फ होता, झाडांपेक्षा उंच."

"पहिले डोक्यावर पदर घे," त्या म्हणाल्या. "लोकं उन्हानं मरून राहिले न हे बर्फ सांगते." मग त्या खाली उतरल्या, फरशीवर वाकल्या आणि एका रुंद पांढऱ्या ओरखड्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे त आमच्याच बैलाईचे आहेत."

"म्हणजे?"

"आमचे घरवाले ओंडके ओढत ना. ठेकेदाराचे. या जागी बैल वळे, न साखळी अशी घासे. आवाज घरापर्यंत ये. मी नवीन नवरी होती तवा."

मी खडकावर बसले. चटका बसला तरी उठले नाही. सर खरं बोलत होते. मी नकाशावर लाल शाईने काढलेल्या कितीतरी रेघा फुलाबाईंच्या नवऱ्याच्या बैलांच्या होत्या. हे कुणाला सांगू नका, असं त्यांना म्हणावं हा विचार मनात येऊन गेला आणि मग माझाच मला असा राग आला की मी उठून पुन्हा घासायला लागले.

"अजून दाखवा मावशी. तुमचे कोणते ते सगळे दाखवा."

त्यांनी दाखवले. मी प्रत्येकावर खडूने खूण केली. बैलांचे ओरखडे रुंद होते, उथळ, पांढरट, आणि नाल्याच्या वळणावर तेही वळत होते. मग मी फुलाबाईंच्या चुलीतली राख मागितली, ओल्या फडक्याने फरशीवर चोळली आणि वरची पुसून काढली. भेगांत आणि चरांत राख राहिली. तेव्हा खालचे दिसले. बारीक, खोल, एकमेकांना समांतर. फरशी कुठे उंच, कुठे सखल, पण त्यांना त्याची पर्वा नव्हती, ते चढावरही सरळ चढत होते. बैलांचे ओरखडे त्यांना कापून वरून गेले होते. आणि हे बारीक ओरखडे नदीकडे जातच नव्हते. ते फरशीवरून आडवे जाऊन काठाच्या गोट्यांच्या थराखाली शिरत होते, जिथे वर फुलाबाईंच्या शेताचा बांध होता.

"मावशी, तुमचे बैल कधी या बांधाखालून गेले का?"

"घूस हाय का ते?" फुलाबाई म्हणाल्या.

मी सगळं पुन्हा काढलं. बैलांचे ओरखडे वेगळ्या रंगात, बर्फाचे वेगळ्या. ओंडक्यांच्या पानावर मी लिहिलं की ही गोष्ट प्रा. गर्गे यांनी प्रथम पाहिली आणि ती बरोबर आहे. मग नागपूरला जाऊन नकाशा सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, मान हलवली आणि पुढचं पान उघडलं. तिथे मान थांबली.

"थराखाली शिरतात म्हणजे? वरची दरड घसरून ओंडक्यांच्या खुणांवर आली असेल."

"थोडं खणलं तर कळेल, सर. दरड असेल तर खाली काही नसेल. थर जागचा असेल तर त्याखाली ओंडका गेलेला नाही."

"खणायचं नाही." त्यांनी नकाशा मिटला. "तिथे जायचंच नाही. उद्या तुम्ही खणाल आणि ओरखडे दाखवाल. मी म्हणेन, ते तुमच्याच छिन्नीने काढलेत. मग? कोण कुणावर विश्वास ठेवील?" ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. "प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. त्या सहीशिवाय निकाल लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. आणि ते जे छिन्नीबद्दल बोलले तेही खरंच होतं. मी बसने परत येताना रस्ताभर त्याच एका गोष्टीवर विचार केला. मी एकटीने खणलं तर पुरावा मातीमोल होणार होता. खणायचंच तर त्यांच्या डोळ्यांदेखत खणायला हवं होतं. आणि आत काय आहे हे मलाही आधी माहीत असून चालणार नव्हतं.

आमच्या विभागाची एक जुनी रीत होती. तोंडी परीक्षा खोलीत होत नसे. ज्या खडकाबद्दल लिहिलं त्याच खडकावर उभं राहून ती द्यायची. बाहेरचा परीक्षक नकाशा हातात घेऊन तुमच्याबरोबर चालायचा, त्याला वाटेल तिथे थांबून बोट दाखवायचा, आणि तिथला दगड फोडून विद्यार्थ्याने उत्तर द्यायचं. परीक्षकाने बोट दाखवलेल्या जागेला नाही म्हणायची सोय नव्हती, विद्यार्थ्यालाही नाही आणि त्याच्या मार्गदर्शकालाही नाही. कितीतरी पोरं या बोटापायी नापास झाली होती. मला मात्र आता ते बोट हवं होतं.

त्या संध्याकाळी मी फुलाबाईंना विचारलं.

"बांध फोडायचा?" त्यांनी भाकरी थापता थापता मान वर केली. "पावसाळ्यात शेत नाल्यात जाईन ना माझं."

"मी परत बांधून देईन."

"तू?"

"मी. माझ्या हातांनी."

"न आतमंदी काहीच नाही निघालं त?"

"तर मी नापास."

"न माझा बांध?"

"तो तरीही बांधून देईन."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "तुझा तो सर, त्यानं मले येकदा इचारलं होतं, तुमचे घरवाले ओंडके ओढत का म्हणून. मी हो म्हटलं. कागदावर लिहून घेतलं त्यानं न गेला. हे खालचे कायचे, असं काही इचारलं नाही." त्यांनी भाकरी उलटली. "रोजगार हमीच्या बाया हायेत आपल्या. सब्बल-फावडं घेऊन येतीन. पण बांध तूच बांधशीन. ते मी पाहीन."

परीक्षेला बाहेरून डॉ. सबनीस आले. वयस्कर, किडकिडीत, डोक्यावर टोपी आणि हातात काळी छत्री. उन्हात खडक पाहायला छत्री घेऊन येणारा भूशास्त्रज्ञ मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. गर्गे सर त्यांच्या शेजारून चालत होते आणि बोलत होते. माझ्याआधीच्या दोन पोरांची परीक्षा झाली होती आणि ती जीपजवळ कलिंगड खात बसली होती.

फरशीवर आल्यावर मी आधी बैलांचे ओरखडे दाखवले. फुलाबाईंचं नाव घेतलं, सरांचं नाव घेतलं. सर खूश झाले. "मुलगी मेहनती आहे," ते सबनीसांना म्हणाले.

"आणि हे बारीक?" सबनीस गुडघ्यावर बसले. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात काही दिसत नाही, म्हणून मी राख चोळून ठेवली होती. त्यांनी छत्री आडवी धरून सावली केली आणि नाक खडकाला लावलं.

"हे बर्फाचे आहेत, सर."

"हेही ओंडक्यांचेच," गर्गे सर म्हणाले. "जुने ओंडके."

"बैल चढावर सरळ चढत नाही, सर. आणि हे काठाखाली जातात."

"दरड आहे ती."

सबनीस उठले. "पुरावा काय?"

"पुरावा या बांधाखाली आहे. मी तो पाहिलेला नाही." मी काठाकडे हात केला. "मला खणायची मनाई होती. आता तुम्ही बोट दाखवा, सर. तुम्हाला वाटेल तिथे. तिथे खणून दाखवीन. ओरखडे निघाले नाहीत तर मला नापास करा."

गर्गे सरांचा चेहरा उतरला. "मिस दुर्गे, परीक्षा तुमची आहे. परीक्षकांना काय करायचं ते तुम्ही सांगायचं नाही."

"रीत विभागाची आहे, सर."

सबनीसांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ते काठाकाठाने चालू लागले. मी मनात एक जागा धरली होती, जिथे बारीक ओरखडे दाट होते. ते तिच्यापुढे गेले. आणखी पुढे गेले. थेट शेताच्या कोपऱ्यापाशी थांबून त्यांनी छत्रीचं टोक काठात खुपसलं. "इथे."

तिथे फरशीचा पृष्ठभाग खडबडीत होता. एकही रेघ दिसत नव्हती. तरी मी फुलाबाईंना हाक मारली.

त्या आणि रोजगार हमीच्या बाया अशा चौघीजणी आल्या, लोखंडी सब्बल, फावडी आणि घमेली घेऊन. आधी बांधाची माती काढली. मग गोट्यांचा थर लागला आणि सब्बल खणखणायला लागली. माती अशी आवळलेली होती की एकेक गोटा उकरून काढावा लागत होता. सबनीस प्रत्येक गोटा बघत होते, कुठे माती सैल आहे का, मधे मुळं आहेत का, चाचपत होते.

"ही दरड नाही, गर्गे," ते एकदा म्हणाले. "थर जागचा आहे."

मीही सब्बल घेतली. साडीचा पदर खोचला आणि त्या बायांच्या शेजारी उभी राहिले. शेवटी एक मोठा गोटा बाजूला ढकलला आणि खालचा चुनखडक उघडा पडला. पिवळा, खरबरीत. रेघ नाही. हाताने चाचपून पाहिलं. काही नाही.

"झालं समाधान?" गर्गे सर म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा निवांत झाला होता. "सबनीस, ऊन फार आहे. चला."

"थांबा," मी म्हटलं. "तो खडक नाही. त्याला चिकटलेली माती आहे."

"आता हट्ट पुरे."

"पाणी आणा मावशी."

फुलाबाईंनी घागर उपडी केली. मी हाताने घासलं. मातीचा पातळ पापुद्रा खडकाला असा चिकटला होता की खडकच वाटत होता. तो सुटायला लागला. खालून काळसर, गुळगुळीत, देवघरातल्या पाटासारखा खडक निघाला, आणि त्यावर रेघा. बारीक, खोल, समांतर, वरच्या फरशीवर होत्या त्याच दिशेच्या. त्यांतली एक वीतभर जाऊन थांबली होती, आणि जिथे थांबली होती तिथे एक तांबडा खडा खडकात रुतून बसला होता. खडकाला टेकलेली कड सपाट घासलेली. त्यानेच ती रेघ काढली होती आणि बर्फ थांबला तेव्हा तिथेच राहिला होता.

फुलाबाई वाकून बघत होत्या.

"आमचे बैल नाहीत हे," त्या म्हणाल्या.

सबनीसांनी टोपी काढली. का काढली माहीत नाही, घाम पुसायला असेल. पण मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग गर्गे सर खाली बसले. त्यांनी तो खडा बोटाने चाचपला, रेघेवरून बोट फिरवलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता.

"मी ह्यांना हेच सांगत होतो, सबनीस," ते म्हणाले. "माझा संशय जुनाच होता. तरंगत्या बर्फाने सगळं उलगडत नव्हतं. म्हणून मुद्दाम हा भाग मिस दुर्गेंना दिला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण सर माझ्याकडे बघून हसत होते. इतक्या वर्षांत ते माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले होते. त्या हसण्यात सगळं होतं, संशोधनाची जागा, पहिला वर्ग, त्यांच्या नावाखाली छापलेलं माझं नाव. मी फक्त गप्प बसायचं होतं.

"म्हणजे इथे खणायची कल्पना तुमची?" सबनीसांनी विचारलं.

"मार्गदर्शन म्हणजे दुसरं काय असतं?"

सबनीस माझ्याकडे वळले. "काय मिस दुर्गे? सरांनी तुम्हाला इथे खणायला सांगितलं?"

"नाही सर," मी म्हटलं. "सरांनी मला इथे यायचंच नाही म्हणून सांगितलं होतं. खणलं तर ओरखडे माझ्याच छिन्नीचे आहेत असं ते म्हणतील, असंही सांगितलं होतं. म्हणून तुमच्या बोटाची वाट पाहिली."

जीपजवळच्या पोरांनी कलिंगड खायचं थांबवलं. सबनीसांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली आणि माझ्या नकाशावर काहीतरी लिहिलं. ते काय लिहितात ते बघायची हिंमत मला झाली नाही.

परत निघायच्या वेळी सर मला बाजूला घेऊन गेले. प्रबंध त्यांच्या हातात होता, पेनही.

"एक ओळ लिही," ते म्हणाले. अहो-जाहो गेलं होतं. "या जागेचं महत्त्व मार्गदर्शकांनी दाखवून दिलं. एवढंच. मी सही करतो. सबनीस माझे जुने मित्र आहेत, ते विसरतील. तू कशाला आयुष्याचं वाटोळं करतेस?"

"वरचे ओरखडे तुमचे आहेत, सर. ते तुमच्या नावाने लिहिलेत, आणि आनंदाने लिहिलेत. खालचे तुमचे नाहीत."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. प्रबंध माझ्या हातात दिला आणि जीपमध्ये जाऊन बसले. सबनीस माझ्यासाठी जागा करत होते, पण मी मान हलवली. मला बांध घालायचा होता. तो घालून होईपर्यंत फुलाबाई शेजारी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक दगडाला नावं ठेवत राहिल्या.

माझा निकाल लागला नाही. मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी होती आणि कोऱ्या जागेवर निकाल लागत नाही. सबनीसांनी शेरा लिहिला होता, गुणही भरभरून दिले होते, पण ते बाहेरचे. संशोधनाची जागा कलिंगड खाणाऱ्यांपैकी एकाला गेली. सबंध उन्हाळाभर शेजारपाजारचे लोक बाबांना विचारत होते, पोरीचं काय झालं म्हणून. एका सकाळी मीच त्यांच्यासमोर प्रबंध ठेवला.

"बाबा, एक ओळ लिहिली तर सुटते मी."

ते पाळीवर निघाले होते. पायांत बूट चढवत होते. "चुकीचं लिहिलं का तू?"

"नाही."

"मंग काहून बदलवते?" ते म्हणाले आणि डबा उचलून निघून गेले.

वर्षभर मी बल्लारपूरच्या एका शाळेत मुलांना भूगोल शिकवला. पुढच्या वर्षी विभागात मुळावकर नावाच्या बाई नव्याने आल्या. त्यांनी माझा प्रबंध वाचला, करंजघाटला येऊन तो खडा पाहिला आणि मार्गदर्शक म्हणून सही करायला तयार झाल्या. फक्त एवढंच म्हणाल्या की काही सुधारायचं असेल तर आत्ताच सुधारून घे, नंतर टंकलेखकाकडे वेळ नसतो.

मी मुखपृष्ठावरचं एक्क्याऐंशी खोडून ब्याऐंशी केलं आणि खालच्या मार्गदर्शकाच्या नावाच्या जागी बाईंचं नाव घातलं. ओंडक्यांच्या पानावर गर्गे सरांचं नाव होतं, ते तसंच ठेवलं. बाकी एक अक्षरही बदललं नाही.